गारगोटीची झिलई आणि माणसाचा श्वास



कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याला वसंत व्याख्यानमालेत बोलवावे आणि त्याने बोनस, महागाईभत्ता, नव्या कामगार संहिता हे सारे सोडून दगडगोट्यांवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. मी भूगर्भशास्त्रज्ञ नव्हे. महाविद्यालयाची पायरी मी चढलेलो नाही. दगडांविषयी जे थोडेफार कळले ते सार्वजनिक ग्रंथालयातली पुस्तके, नदीकाठचे गोटे आणि कामगारांच्या छातीचे एक्स-रे या तीन ठिकाणांहून कळले. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, तेच आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

प्रथम दगडाचीच ओळख करून घेऊ. आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत ती काळ्या कातळाची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आज उरलेला त्यांचा विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. हा रस थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे आतच अडकले, आणि अनारशाला जशी जाळी पडते तशी खडकाला जाळी पडली. पुढे दीर्घकाळ खडकात झिरपणाऱ्या पाण्याने आपल्याबरोबर विरघळलेली सिलिका आणली आणि या पोकळ्यांच्या भिंतींवर ती थराथराने बसत गेली. थर बसतो तो बाहेरून आत. लोहाचा अंश मिसळला की थर तांबूस किंवा पिवळसर होतो, न मिसळला तर दुधी किंवा करडा राहतो. पोकळी पुरती भरली की तो झाला अकीक. मध्ये जागा उरली तर तेथे स्फटिकांचे दात उगवतात. कातळ झिजून माती होतो, परंतु अकीक झिजत नाही. तो सुटा होऊन ओढ्यात येतो, ओढ्यातून नदीत जातो, आणि आपण त्याला गारगोटी म्हणून बाजूला लाथाडतो.

‘दगडापेक्षा वीट मऊ’ असे आपण म्हणतो. पण दगडादगडांतही मऊ आणि कठीण असते. मोह्स नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली यासाठी एक ते दहा अशी साधी पायरी लावून दिली. एकावर संगजिरे, दहावर हिरा. घरातल्या सुरीचे पाते साडेपाचच्या आसपास येते आणि अकीक साडेसहा ते सात. म्हणून सुरीने ओरखडा उठत नाही तो दगड ठेवावा आणि उठतो तो टाकावा, ही पहिली परीक्षा. दुसरी परीक्षा सूर्याची. दगड ओला करून उन्हात धरला की अकिकाच्या कडेतून मेणासारखा उजेड पाझरतो. तिसरी परीक्षा फुटीची. अकिकाचा टवका शिंपल्याच्या पाठीसारखा गोलसर निघतो आणि त्याची कड वस्तऱ्यासारखी लागते. अंगावर खड्डे-खड्डे असलेला, बटाट्यासारखा ओबडधोबड दिसणारा आणि हातात घेतल्यावर भरीव वाटणारा गोटा दिसला तर त्याला कुरूप म्हणून टाकू नका. आत काय आहे ते सालीवरून ठरत नाही.

गोदावरी, भीमा यांच्या काठचे वाळूगोट्यांचे थर, विहिरी खोदताना काढून टाकलेला मुरूम, रस्त्यासाठी फोडलेली खडी, या जागा धुंडाळाव्या. पहिला पाऊस पडून गेल्यावर गोटे धुतलेले असतात, तेव्हा जावे. शेत कुणाचे असेल तर त्याला विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. खाणीत उभ्या कड्याखाली वाकू नये. २०१५ साली केंद्र सरकारने अकिकाला गौण खनिजांच्या यादीत घातले आहे, तेव्हा पोत्यांनी उपसा करणे हा छंद होत नाही. खिशात मावतील तेवढे दगड आणावेत, आणि प्रत्येकाबरोबर तो कोठे सापडला याची चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठी नसलेला दगड नुसता शोभेचा उरतो. चिठ्ठी असली की तो नदीची हकीगत सांगू लागतो.

आणखी एक सावधगिरी हवी. नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडावर अकिकाची लांबट, धारदार पाती दिसली तर त्यांना हात लावू नये. नेवासे येथे डॉ. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून उत्खनन केले, पुढे घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत केले. तेथील सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांत अशी पाती सापडली. तांबे महाग होते, लोखंड हाती आलेले नव्हते, तेव्हा कापावयाचे काम ही दगडी पाती करीत. म्हणजे ज्या गारगोटीला आपण छंदाची वस्तू समजतो तिच्यावर आपल्या पूर्वजांचे पोट चालत होते. पुढे सातवाहनांच्या काळात पैठणहून गाड्या भरून अकिकाच्या जातीचा दगड भडोच बंदरात जात असे. हे कोणा देशाभिमान्याने रचलेले नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तकात त्याची नोंद आहे.

आता झिलईकडे वळू. नदी गोटा गुळगुळीत करते, परंतु चकचकीत करीत नाही, कारण वाळूचे कण लहानमोठे असतात आणि पुरात दगड आपटतात. नदीचेच काम अधिक शिस्तीने केले की झिलई येते. त्यासाठी लागते एक रबरी अस्तराचे लहान पिंप, त्याला आडवे धरून फिरवणारे दोन रूळ, एक पट्टा आणि सतत चालू शकेल अशी लहान मोटर. तयार यंत्र मिळते, आणि कारखान्यात हात चाललेल्या माणसाला घरीही करता येते.

पिंप दोनतृतीयांश भरेल इतके दगड घ्यावे. लहानमोठे मिसळावे, म्हणजे मोठ्यांच्या फटीत लहान बसून घासणी सारखी होते. भेगाळलेला दगड घेऊ नये. मऊ दगड कठीण दगडांत घालू नये, तो गाळ होऊन जातो. मग दगड जेमतेम बुडतील एवढे पाणी आणि किलोभर दगडांना चार मोठे चमचे या बेताने कार्बोरंडमची पूड घालावी. हे कार्बोरंडम ॲचेसन नावाच्या अमेरिकन माणसाने १८९१ साली विजेच्या भट्टीत प्रथम बनवले. कठीणपणात ते नऊच्याही वर जाते, म्हणून साताच्या अकिकाला कापू शकते.

पहिला आठवडा जाड पुडीचा, ६० ते ९० नंबरची. यात कोपरे मोडतात. दुसरा आठवडा १२० ते २२० नंबरची. तिसरा आठवडा ५०० नंबरची. चौथ्या आठवड्यात पूड कापणारी नसते; ॲल्युमिनियमच्या किंवा सीरियमच्या ऑक्साइडची अगदी मऊ पूड असते, ती झिलई आणते. पिंप फार वेगाने फिरवले तर दगड भिंतीला चिकटून वर जातात आणि आपटून फुटतात. फार सावकाश फिरवले तर नुसते घसरत राहतात. एकावर एक ओघळत उतरतील असा वेग धरावा. दिवसाआड झाकण सैल करून आत साचलेला वायू जाऊ द्यावा. आणि प्रत्येक आठवड्याच्या शेवटी दगड, पिंप, झाकण, आपली नखे, सारे इतके धुवावे की आधीच्या पुडीचा एक कण मागे राहू नये. जाड पुडीचा एक कण झिलईच्या पिंपात शिरला तर महिन्याची मेहनत ओरखड्यांत जाते. धुतलेला गाळ मोरीत ओतू नये. तो नळात सिमेंटसारखा बसतो आणि मग चाळीत छंदाचे नाव निघते ते वेगळ्या शब्दांत.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पिंपात टाकी नसते. दगड एकमेकांना घासतात आणि एकमेकांनाच घडवतात. संघटनेचा माणूस असल्यामुळे येथे मला एक दृष्टांत सुचणे स्वाभाविक आहे, पण तो आपणांलाही सुचला असेल, म्हणून पुढे जातो.

हे पिंप पाश्चात्त्यांकडून आले असे वाटते. त्याचा आजा मात्र आपल्या शेजारी गुजरातेत आहे. खंबायतचे मणिकार अकिकाचे मणी कसे चमकवीत याचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात आले आहे. मजबूत चामड्याच्या पिशवीत मणी, कुरुंदाची पूड आणि अकिकाचाच बारीक चुरा भरावयाचा, तोंड बांधावयाचे, पिशवीला चामड्याचा पट्टा घालावयाचा, आणि खोलीच्या दोन टोकांना बसलेल्या दोघांनी ती पिशवी इकडून तिकडे, तिकडून इकडे ओढावयाची. दहा ते पंधरा दिवस हे चाले, आणि सगळा वेळ पिशवी पाण्याने ओली ठेवीत. आपल्या पिंपातील सर्व तत्त्वे तेथे आहेत: कठीण पूड, एकमेकांची घासणी, धीर आणि पाणी.

या धंद्याची परंपरा फार जुनी. खंबायतच्या पलीकडे लोथल येथे एस. आर. राव यांनी १९५५ पासून केलेल्या उत्खननात मणी बनवण्याचा कारखाना आणि त्याची भट्टी निघाली. ती सिंधुसंस्कृतीच्या काळातली, चार हजार वर्षांपलीकडची. राजपिपळ्याजवळच्या रतनपूरच्या खाणींतून निघालेला मातकट दगड उन्हात वाळवून मडक्यात शेणीच्या आचेवर भाजला की आतला लोहांश लाल होतो. मग कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी अणीवर दगड टेकवतो आणि शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने हलकेच ठोकतो. टवका निघतो तो हातोडीच्या बाजूने नव्हे, अणीच्या बाजूने. हे कौशल्य पाहण्यासाठी परदेशांतून पुराणवस्तुशास्त्रज्ञ तेथे येऊन राहिले, आणि हजारो वर्षांपूर्वीच्या मण्यांचे कोडे त्यांनी या कारागिरांच्या हातांवरून उलगडले.

परंतु टवके काढणे आणि झिलई यांच्यामध्ये एक पायरी आहे, ती सहाणेची. दगडाला मण्याचा आकार देण्यासाठी तो विजेवर फिरणाऱ्या कुरुंदाच्या चाकावर दाबून धरतात. हे काम खंबायतच्या घराघरांत वर्षानुवर्षे कोरडेच चालत आले. त्या चाकातून जे उडते तेच माझ्या आजच्या व्याख्यानाचे खरे कारण आहे.

अकीक म्हणजे शुद्ध सिलिका. तिची डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात, घशात अडकते आणि खोकून बाहेर पडते. घातक असते ती न दिसणारी. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातील पाच भागांहून लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो. शरीरातल्या रक्षक पेशी त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत; त्या स्वतः मरतात, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या झगड्यात फुप्फुसात वण धरत जातात आणि मऊ स्पंजासारखे फुप्फुस ताठर होते. यालाच सिलिकोसिस म्हणतात. झालेले वण कोणत्याही औषधाने भरून येत नाहीत. काम सोडले तरी रोग कित्येकदा पुढे सरकतच राहतो. असे फुप्फुस क्षयाला लवकर बळी पडते. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली.

येथे आमच्या कामाचा अनुभव सांगणे भाग आहे. एका दगड-पॉलिशच्या कारखान्यातला कामगार आमच्याकडे आला तो क्षयाचे कार्ड घेऊन. दोनदा उपचार झाले होते, थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. तो काय काम करतो हे त्याला कोणी विचारले नव्हते. आता हा फरक शब्दांचा नाही. सिलिकोसिस हा धंद्यामुळे होणारा रोग म्हणून कायद्याने मानला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टातच तो होता आणि त्याची खबर देणे बंधनकारक केलेले होते. क्षय मात्र कोणालाही होतो. कागदावर ‘क्षय’ लिहिले की मालक सुटला, आणि विधवेने दार ठोठवावे असे कार्यालयच उरत नाही.

खंबायतच्या मणिकारांची अडचण याहून बिकट. १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेला दहा कामगारांची अट घातली होती, २०२० च्या संहितेने ती वीसवर नेली. घरात नवरा, बायको आणि थोरला मुलगा चाकावर बसतात तेव्हा तो कारखाना ठरत नाही, त्यांना मालक नाही, हजेरीपट नाही. दगड व्यापाऱ्याचा, मजुरी नगावर. धूळ मात्र कारखान्याइतकीच, आणि ती चुलीपाशी, पाळण्यापाशी जाऊन बसते.

मग पाणी का लावीत नाहीत, असा प्रश्न आपण विचाराल. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेने या कामगारांच्या तपासण्या केल्या, चाकापाशीच धूळ ओढून घेणारी यंत्रणाही तयार केली. उपाय माहीत नाही असे नाही. परंतु अशा कामात ओला दगड बोटांतून निसटतो, आकार नीट दिसत नाही, हात सावकाश चालतो, आणि नगावर मजुरी घेणाऱ्याचा सावकाश चाललेला हात म्हणजे संध्याकाळचे कमी पीठ. धूळ ओढणाऱ्या पंख्याचे बिल त्यालाच भरावे लागते. आमचा छंदिष्ट चार आठवडे पिंप फिरवू शकतो, कारण त्याला त्या दगडावर जेवावयाचे नसते. दगड तोच, पूड तीच. एकाजवळ फुरसत आहे, दुसऱ्याजवळ नाही.

ही फुरसत आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षे झगडून १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. त्यापूर्वी कामगाराला छंद असता तरी तो कधी करता? पुढे ४८ तासांचा आठवडा कायद्यात आला. नदीकाठी हिंडण्याचा माझा रविवार मला या माणसांनी मिळवून दिला आहे. म्हणून ज्याला अजून तो मिळालेला नाही त्याचा विसर पडू देणे मला बरे वाटत नाही.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. गुजरातेतील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मजुरीला गेलेले मध्यप्रदेशातले आदिवासी गावी परतून मेले. त्यांच्यासाठी लोक कोर्टात झगडले, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. राजस्थानने २०१९ साली या रोगासाठी स्वतंत्र धोरण केले. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी सिलिकेपासून बनवलेला कृत्रिम दगड कापणारे तरुण कामगार या रोगाने पडू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदीच घातली. म्हणजे मनावर घेतले तर सरकारला हे करता येते.

आता छंद करू इच्छिणाऱ्यांना थोडे सांगतो आणि संपवतो. दगड कोरडा घासू नका, कोरडा कापू नका, घरात तर मुळीच नाही. नाकाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवीत नाही. फोडावयाचा असेल तर दगड ओला करा, डोळ्यांवर चष्मा घाला, वाऱ्याकडे पाठ करून उघड्यावर बसा. पिंपातला गाळ सांडला तर तो ओला असतानाच ओल्या फडक्याने टिपा. वाळू दिलात आणि केरसुणी फिरवलीत तर तीच धूळ पुन्हा उठली. पोराबाळांना दगड धुण्याच्या कामाला लावा, घासण्याच्या नव्हे.

आणि बाजारातून झिलईचे दगड किंवा अकिकाची माळ घेणार असाल तर आधी दुकानदाराशी थोडे बोला. भडक निळा, गुलाबी अकीक बहुधा रंगवलेला असतो, तो नैसर्गिक का असे आपण विचारतोच. त्याच दमात आणखी विचारा: हा मणी कोठे घासला, ओला घासला की कोरडा, घासणाऱ्याला नगाला काय मिळते? दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल. एकाने विचारले तर तो हसेल, दहांनी विचारले तर तो व्यापाऱ्याला विचारील. संघटनेच्या कामात मी एवढेच शिकलो की पुष्कळ गोष्टी अशा साध्या प्रश्नांनी हलू लागतात.

व्याख्यान संपल्यावर बाहेरच्या मेजावर मी काही दगड मांडून ठेवले आहेत. अर्धे खडबडीत, अर्धे झिलईचे, प्रत्येकाजवळ ठिकाणाची चिठ्ठी आहे. हातात घेऊन पाहा, ओले करून दिव्यासमोर धरा. मुलांना एकेक खडबडीत गोटा घरी न्यावयाला हरकत नाही.